ग्रंथांच्या इतिहासावर श्रुतिका कशी करावी : सोलापूरकरांसाठी काही सूचना

एखाद्या लेखकाच्या जयंतीनिमित्त तयार होणारा ध्वनिकार्यक्रम बहुधा ठरलेल्या साच्यातला असतो. निवेदक जन्मसाल सांगतो, मागे बासरी वाजते, दोन उतारे वाचले जातात, पुरस्कारांची यादी होते आणि कार्यक्रम संपतो. त्यातली माहिती चुकीची नसते, पण ती ऐकून कोणी वाचनालयाची पायरी चढत नाही. श्रुतिका, म्हणजे केवळ कानांनी ऐकायचे नाटक, मराठी श्रोत्याला नवी नाही. आकाशवाणीने ती घरोघरी नेली. आज एक साधा मायक्रोफोन, एक संगणक आणि ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर हाताशी असले, की वाचनालयातील किंवा हौशी नाट्यमंडळातील चार-पाच जणांना पंधरा मिनिटांची श्रुतिका सहज करता येते. अडचण साधनांची नसते, ती विषयाच्या निवडीची असते.

माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय असा, की लेखकाचे चरित्र सांगायचे नाही. एखादा मजकूर लिहिला गेला, म्हटला गेला, छापला गेला, दडपला गेला किंवा दुरुस्त केला गेला, तो एकच प्रसंग पकडायचा. चरित्राला ऐंशी वर्षे लागतात आणि श्रुतिकेजवळ पंधरा मिनिटे असतात. शिवाय लिहिणे ही क्रिया कानाला जवळजवळ निःशब्द आहे. लेखक टेबलाशी बसून विचार करतो, यात ऐकण्यासारखे काही नाही. तोच मजकूर दुसऱ्या माणसाच्या हाती गेला, त्या माणसाने हरकत घेतली किंवा तो चोरून वाचला, की नाट्य आपोआप सुरू होते.

सोलापूरचेच उदाहरण घेऊ. शाहीर राम जोशी इथले. जोशीपण करणाऱ्या घरातला मुलगा तमाशाच्या फडात रमला म्हणून थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले, तो पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला, कीर्तने करू लागला आणि पुन्हा लावणीकडे वळला, असे परंपरा सांगते. मोरोपंतांची आणि त्याची भेट झाली व मोरोपंतांच्या आर्या राम जोशींच्या कीर्तनांतून लोकांपर्यंत गेल्या, असेही सांगितले जाते. एवढा ऐवज हाती आल्यावर सगळे आयुष्य मांडण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि एकच प्रसंग निवडावा. पंढरपुरात पोथीपुढे बसलेला विद्यार्थी आणि बाहेरून येणारा डफ-तुणतुण्याचा आवाज, एवढ्यावर एक श्रुतिका उभी राहते. मोरोपंतांची आर्या ग्रंथात असताना कशी ऐकू येते आणि कीर्तनाच्या रंगात आली की कशी ऐकू येते, हा दुसरा विषय. तो मला अधिक आवडतो, कारण त्यात व्यक्तीपेक्षा कवितेचाच प्रवास ऐकवता येतो.

इथे तारखांचा धाक बाळगावा लागतो. राम जोशींच्या जन्म-मृत्यूच्या वर्षांबाबत अभ्यासकांत एकवाक्यता नाही, म्हणून संहितेत ती वर्षे ठासून सांगू नयेत. मात्र मोरोपंत १७९४ मध्ये वारले आणि दुसरा बाजीराव १७९६ च्या अखेरीस पेशवा झाला, हे पक्के आहे. त्यामुळे बाजीरावाच्या दरबाराची चमक दाखवायची असेल, तर त्या प्रसंगात मोरोपंत असू शकत नाहीत. अशा दोन-तीन पक्क्या तारखा कागदावर आडव्या रेषेत मांडून ठेवल्या, की कल्पनेला कुठपर्यंत मोकळे सोडायचे ते कळते.

दुसरे उदाहरण मुद्दाम कोरडे वाटणारे निवडतो. सोलापुरातील जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ति’ या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि दुसरा १९५१ मध्ये. संपादक आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. यात ना तुरुंग, ना प्रेमकथा. पण हस्तलिखितांवरून ग्रंथ सिद्ध करण्याचे काम म्हणजे क्षणोक्षणी निवाडा असतो: एका प्रतीत एक शब्द, दुसऱ्या प्रतीत दुसरा, आणि छापायचा एकच. हे डोळ्यांना तळटीप म्हणून दिसते. कानाला मात्र थेट ऐकवता येते. एकच ओळ दोन आवाजांत एकदम सुरू करावी, दोघांनी एका शब्दावर वेगळे व्हावे आणि तिसऱ्याने दोघांना थांबवावे. पाठभेद म्हणजे काय, हे श्रोत्याला एका वाक्याचेही स्पष्टीकरण न देता समजते. उपाध्ये कोल्हापुरात आणि हिरालाल जैन त्या काळात अमरावतीत अध्यापन करत होते. संपादकांमधले अंतर हाच रचनेचा आधार मानून पत्रांची श्रुतिका लिहिता येईल. मात्र मूळ पत्रे मिळाली नाहीत तर ती कल्पित आहेत, हे श्रोत्याला सांगावे लागेल. त्याविषयी पुढे येतेच.

तिसरा विषय १९३० चा. त्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. हा इतिहास सोलापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. पण कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे संपादक होते, ही बाजू क्वचितच ऐकू येते. हौतात्म्यावर पुष्कळ भाषणे झालेली आहेत. आपण छापखान्यात जावे.

कागदपत्र आणि कल्पना

साधने गोळा करताना आधी स्थानिक संग्रह पाहावेत. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात ग्रंथपालाकडे ‘सोलापूरचा इतिहास’ मागू नये, नेमके मागावे: अमुक वर्षाचे अंक, अमुक संमेलनाची स्मरणिका, अमुक पुस्तकाची पहिली आवृत्ती. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना, किंमत, मुद्रकाचे नाव आणि मागच्या पानावरच्या जाहिराती या चार गोष्टी श्रुतिकेला जितका मजकूर पुरवतात, तितका एखादा समीक्षाग्रंथ पुरवत नाही. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरच्या सोलापूरविषयक विसाव्या खंडात रस्ते, बाजार, धंदे यांची दाट माहिती आहे. फक्त ती त्या दशकाची आहे हे विसरून पेशवाईला चिकटवू नये. हयात असलेल्या वाचकांच्या, विक्रेत्यांच्या, कंपोझिटरांच्या मुलाखती लेखी संमती घेऊन ध्वनिमुद्रित कराव्यात. मारुती चितमपल्ली सोलापूरचे आणि २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच. त्या मांडवात बसलेली माणसे आज गावात आहेत आणि बोलायला तयारही असतात.

मिळालेला मजकूर तीन रंगांनी खुणावावा. जे शब्दशः कागदपत्रात आहे ते एका रंगाने, ज्याला आधार आहे पण ज्याचे शब्द आपले आहेत ते दुसऱ्याने आणि जे पूर्ण कल्पित आहे ते तिसऱ्याने. माझा एक साधा नियम आहे, तो मी या मार्गदर्शनातला सर्वांत उपयोगी समजतो: ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी शक्यतो पहिल्या दोन रंगांचीच वाक्ये घालावीत आणि तिसऱ्या रंगाचे सगळे स्वातंत्र्य कल्पित, अनामिक पात्रांना द्यावे. दिवट्या धरणारा, पोथी नकलणारा, छापखान्यातला पोऱ्या, वाचनालयाचा शिपाई यांना इतिहासाने नाव दिलेले नाही. त्यांना हवे ते बोलू द्यावे. थोर माणूस त्यांच्या बोलण्यातून अधिक स्पष्ट ऐकू येतो आणि आपण त्याच्या तोंडी नसते विचार घातल्याचा दोषही येत नाही.

हा नियम वापरून १९३० च्या छापखान्यातला एक तुकडा असा लिहिता येईल. दोन्ही पात्रे कल्पित आहेत.

(रात्र. ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र, बंद. अक्षरांचे धातूचे खिळे एकेक करून जुळणीच्या स्टिकमध्ये पडतात, संथ लयीत.)

कंपोझिटर : दिवा बारीक कर.
पोऱ्या : मग खिळे कसे दिसतील, मास्तर?
कंपोझिटर : बोटांना दिसतात. (तीन खिळे. लय तुटते.) हा ‘म’ कोणी टाकला रे ‘स’च्या घरात?
पोऱ्या : दुपारी केस आवरली ती मीच.
कंपोझिटर : आवरली म्हणे. उद्या ‘सभा’ची ‘मभा’ छापली असती.
पोऱ्या : सभेला बंदी आहे ना, मास्तर?
(बाहेर बुटांची पावले. जवळ येतात. थांबतात. खिळ्यांचा आवाज बंद. बराच वेळ काही नाही. पावले पुढे जातात.)
कंपोझिटर : (हळू) ‘स’ दे.
(एक खिळा पडतो.)

या तुकड्यात लष्करी कायद्याविषयी एकही माहितीपर वाक्य नाही. ‘बंदी’ हा एक शब्द, थांबलेली पावले आणि थांबलेली लय एवढ्यावर काम भागले आहे. अक्षरे खिळ्यांनी जुळवली जात, प्रत्येक अक्षराचे केसमध्ये ठरलेले घर असे, हे मुद्रणाचे तंत्रही भांडणातून कळले, व्याख्यानातून नव्हे. संहिता वाचून पाहताना दर पानावर एक प्रश्न विचारावा: हे वाक्य पात्र दुसऱ्या पात्राला सांगत आहे की श्रोत्याला? ‘आपल्याला माहीतच आहे, की १९३० साली…’ असे कोणी कोणाशी बोलत नाही.

लांबीचा हिशेब लिहिण्याआधी करावा. मराठीत सहज बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द धरता येतो, पण ध्वनी आणि शांतता मिळून चौथा भाग तरी खातात. म्हणून पंधरा मिनिटांसाठी १,३०० ते १,४०० शब्दांपुढे जाऊ नये. पात्रे चार, फार तर पाच. आणि त्यांचे आवाज वय, पट्टी आणि वेग यांनी वेगळे ओळखू यावेत. दोन तरुण पुरुष सारख्या आवाजाचे असतील, तर एकाचे पात्रच बदलून आजी करावे. निवेदक ठेवलाच तर त्याला पात्र बनवावे: पुस्तकाची तीच प्रत पन्नास वर्षांनी रद्दीतून उचलणारा माणूस चालेल, सर्वज्ञ आकाशवाणी नको.

भाषा

सोलापुरावर श्रुतिका करून ती निव्वळ पुणेरी प्रमाण मराठीत बोलवणे म्हणजे गावाचा आवाजच बंद करणे होय. या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू रोज कानावर पडते आणि इथल्या साहित्याचा इतिहासही तसाच मिश्र आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात आहेत आणि ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही त्यांची मुद्रिका, म्हणजे वचनात येणारी नाममुद्रा, आहे. वचन घ्यायचे असेल, तर ते कन्नड मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडूनच म्हणवून घ्यावे आणि त्याचा अर्थ लगोलग मराठीत सांगण्याची घाई करू नये. आधी नाद ऐकू द्यावा, अर्थ पुढच्या संवादात कोणीतरी विचारेल. तेलुगू विणकर कुटुंबातल्या पात्राला दोन वाक्ये तेलुगूत बोलू द्यावीत. श्रोत्याला प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असे नाही, कोण कोणाशी कसे बोलत आहे एवढे कळले तरी पुरते.

बोलीचा वापर काळ पाहून करावा. ‘काय करलालास बे’ ही धाटणी आजच्या किंवा कालपरवाच्या पात्राला शोभते. ती राम जोशींच्या काळात नेली तर श्रोता हसेल. फार मागच्या काळासाठी बखरीचे अवजड मराठीही नको. साधी, आधुनिक शहरी शब्द टाळलेली, थोड्या जुन्या वळणाची भाषा पुरेशी असते. संबोधने मात्र नीट बसवावीत, कारण पंत, बुवा, मास्तर, अण्णा या एकेका हाकेतून दोन माणसांतले अंतर कळते.

ध्वनी

ग्रंथांच्या इतिहासाचा स्वतःचा ध्वनिसंग्रह आहे आणि तो काळानुसार बदलतो. हस्तलिखितांच्या काळात बोरू कागदावर करकरतो, दौतीच्या काठाला टेकतो. पोथीची सुटी पाने उचलून उलटी ठेवली जातात, बांधीव पुस्तकासारखी फडफडत नाहीत. शेवटी बासनाची गाठ बसते. शिळाछापात दगडावर रूळ फिरतो. खिळाछापात धातूवर धातू वाजतो आणि पायाने चालवायच्या ट्रेडलला ठाशीव ठेका असतो. हे आवाज इंटरनेटवरून उचलण्यापेक्षा स्वतः करावेत. बोरूचा आवाज बांबूची काडी तासून खरखरीत हातकागदावर ओढली की मिळतो. पोथीसाठी जाड कागदाच्या लांबट पट्ट्या कापाव्यात. जुन्या मुद्रकाकडे बंद पडलेले ट्रेडल असेल, तर त्याला विनंती करून ते हाताने फिरवून घ्यावे आणि मायक्रोफोन तीन ठिकाणी ठेवून ध्वनिमुद्रण करावे: यंत्राजवळ, दारात आणि रस्त्यावर. तोच ठेका तीन अंतरांवरून मिळाला, की पात्र छापखान्यात शिरते आहे हे शब्दांवाचून सांगता येते.

कालविसंगती कानाला फार लवकर टोचते. सोलापूरला आगगाडी १८६० मध्ये आली, त्यामुळे पेशवाईतल्या प्रसंगामागे दुरून शिट्टी ऐकू येता कामा नये. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. भोंगा त्याआधी नाही. यंत्रमागाची खटखट ही तर आजच्या शहराची ओळख, पण ती हातमागाच्या आवाजाशी मिसळू नये. हातमागात धोट्याची ये-जा, पायट्याची कुरकुर आणि मध्ये विणकराची उसंत असते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला ‘बोला हर्र’चा गजर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, मात्र त्यात लाउडस्पीकर आणि फोनच्या घंट्या शिरतातच, म्हणून स्वच्छ तुकड्यासाठी पहाटेची वेळ धरावी. संगीत जपून वापरावे. करुण प्रसंगात सारंगी लावली की नटाचे काम आपण काढून घेतो.

ध्वनिमुद्रणाची खोली लहान, सामानाने भरलेली असावी. भिंतींवरचा घुमारा मारण्यासाठी महागडा फोम विकत घेण्याची गरज सोलापुरात तरी कोणाला पडू नये. जाड सोलापुरी चादरी दोरीवर दुहेरी टाकून, भिंतीपासून चार-सहा बोटे अंतर सोडून, नटाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टांगल्या की आवाज कोरडा, जवळचा येतो. पंखा आणि फ्रिज बंद करावा लागतो, म्हणून एप्रिल-मे टाळावा. हिवाळ्यातली रात्र उत्तम. शहराच्या पूर्व भागात, मागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी माग बंद असण्याची वेळ आधी पाहून ठेवावी. गोंगाटाच्या खोलीत कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक मायक्रोफोन बरा, कारण तो दूरचे कमी उचलतो. तोंडापासून एक वीतभर अंतर आणि किंचित तिरका कोन ठेवला, की ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फुंकारे आदळत नाहीत. ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करावे आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला सर्वांनी गप्प राहून त्या खोलीची शांतता मिनिटभर टिपून घ्यावी; जोडकामात तीच कामी येते.

रंगभूमीवर मुरलेला नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकतो. त्याला मायक्रोफोनपाशी एकच सूचना द्यावी: समोर एकच माणूस आहे आणि तो शेजारी बसला आहे. शक्यतो पात्रांनी एकत्र, एकमेकांकडे पाहत बोलावे. वेगवेगळ्या दिवशी टिपलेली वाक्ये जोडली तर संवादातली चढाओढ निघून जाते. संहिता फोनवर वाचावी, म्हणजे कागदाची सळसळ नको तिथे येत नाही.

जोडणीत श्वास सगळे कापू नयेत. अंतिम फाइल स्टीरिओ असल्यास तिचा एकूण जाणवणारा आवाज उणे १६ एलयूएफएसच्या (आवाजाच्या पातळीचे एकक) आसपास ठेवावा आणि ती एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर, एकदा रिक्षात ऐकून पाहावी. रिक्षात जे वाक्य हरवते ते श्रोत्याचेही हरवणार.

हक्क आणि श्रेय

भारतात साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. राम जोशी, मोरोपंत, वचने ही मोकळी आहेत. १९४१ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वि. स. खांडेकर १९७६ मध्ये वारले, म्हणून त्यांचे लेखन २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. ‘डांगोरा : एका नगरीचा’ लिहिणारे त्र्यं. वि. सरदेशमुख २००५ मध्ये वारले. त्यांच्या कादंबरीतला प्रसंग नाट्यरूप करायचा तर वारसांची लेखी परवानगी हवीच. जुन्या ग्रंथाचे आधुनिक भाषांतर किंवा संपादित आवृत्ती यांना स्वतंत्र हक्क असतो. तसेच लावणीचे शब्द मोकळे असले तरी एखाद्या गायकाचे ध्वनिमुद्रण मोकळे असेलच असे नाही. त्याचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा. म्हणून लावणी आपल्यातल्याच कोणाकडून गाऊन घ्यावी. परवानगी मागताना संहिता सोबत पाठवावी. वारसांना पैशांपेक्षा आपल्या माणसाच्या तोंडी काय घातले आहे याची काळजी अधिक असते, आणि ती रास्त आहे.

श्रुतिकेच्या शेवटी श्रेयनामावलीबरोबर तीस सेकंदांची स्पष्ट घोषणा असावी: कोणते संवाद कागदपत्रांतून घेतले, कोणती पात्रे कल्पित, कोणता प्रसंग आख्यायिकेवर आधारलेला. ही घोषणा निवेदकाने सपाट स्वरात न उरकता नटांपैकीच कोणीतरी करावी, म्हणजे लोक ती ऐकतात. प्रसारणाआधी एकदा वाचनालयाच्या सभागृहात दिवे मंद करून पंचवीस-तीस माणसांना एकत्र ऐकवावी आणि ज्या पुस्तकावर श्रुतिका आहे त्याच्या उपलब्ध प्रती दाराशी टेबलावर मांडून ठेवाव्यात. तीन रंगांत खुणावलेली संहिता, मूळ वेव्ह फाइली, मुलाखती आणि त्यांची संमतिपत्रे यांचा एक संच त्याच ग्रंथालयाला द्यावा. पेनड्राइव्हबरोबर संहितेची छापील प्रतही द्यावी आणि तिची नोंद दाखलपुस्तकात करून घ्यावी.